शिवराज की रियांश? चाललेलं नाव कुठे अडतं, कुठे अडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारसं आठ दिवसांवर आलंय. मुलगा, आडनाव पाटील, राहायला कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, मूळ गाव करवीर तालुक्यात. घरच्यांनी ‘शिवराज’ जवळपास ठरवलंय. जाऊबाई म्हणतात, गल्लीत हाक मारली तर चार पोरं ओ देतील. आत्यांचा आग्रह ‘रियांश’साठी आहे, कारण ते आपल्यात कुणाचंच नाही. एखादं नाव किती चाललंय याचा विचार आईवडिलांनी करावा का?

करावा. पण देशात किती, महाराष्ट्रात किती, हा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमचं मूल तीन याद्यांत वावरणार आहे: भावकी, वर्गाची हजेरी आणि त्याच आडनावाच्या माणसांची यादी. या तिन्हींत ते नाव किती वेळा येतं एवढंच बघायचं. आणि त्यातही आडनावाची यादी सगळ्यांत जास्त त्रास देते, जिच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत.

आधी नेटवरच्या ‘टॉप शंभर’ याद्यांबद्दल. कोणत्या वर्षी कोणतं नाव किती बाळांना ठेवलं, याची सरकारी यादी आपल्याकडे दरवर्षी प्रसिद्ध होत नाही. फिरणाऱ्या याद्या म्हणजे एखाद्या ॲपच्या वापरणाऱ्यांची आवड किंवा कुणीतरी बसून जुळवलेली नावं. त्यावरून कोल्हापुरातल्या बालवाडीबद्दल काहीच कळत नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी विभाग 1880 पासूनच्या जन्मांची नावं आकड्यांसकट देतो, वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलेली नावं तेवढी गुप्ततेसाठी वगळतो. त्या आकड्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, क्रमांक आणि गर्दी यांचा फारसा संबंध उरलेला नाही. 1880 साली तिथे शंभर मुलांत आठ जॉन होते. आता पहिल्या क्रमांकावर असलेलं लियम शंभरात साधारण एकालाच असतं. म्हणजे ‘पहिल्या क्रमांकाचं नाव’ ऐकून दचकायचं कारण नाही. दुसरी गोष्ट, या याद्या स्पेलिंगनुसार मोजतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मुहम्मद, मोहम्मद, मोहम्मेद अशी तीन स्पेलिंगं तीन वेगळी नावं म्हणून मोजली जातात. कानाला ते एकच नाव असतं, आणि वर्गात हाक कानालाच ऐकू येते.

आता गर्दी म्हणजे नेमकी किती, ते हिशेबाने बघू. चाळीस मुलांचा वर्ग, त्यात वीस मुलगे धरा. तुमच्या मुलाखेरीज एकोणीस उरले. एखादं नाव त्या वयाच्या मुलांमध्ये शंभरात एकाला असेल, तर या एकोणिसांत निदान एक नावभाऊ निघण्याची शक्यता सुमारे 17 टक्के. शंभरात दोघांना असेल तर 32 टक्के, तिघांना असेल तर 44 टक्के. अर्ध्या टक्क्याला 9, आणि हजारात एकालाच असेल तर जेमतेम 2. माझ्या मते शंभरात एकापर्यंतचं नाव बिनघोर ठेवावं. दोनच्या पुढे गेलं की आडनाव आणि हाकेचं नाव तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. वर्गात दुसरा शिवराज असणं ही काही आपत्ती नव्हे. बाई ‘शिवराज पी.’ आणि ‘शिवराज एम.’ म्हणतात आणि दोन दिवसांत मुलांना त्याची सवय होते. मात्र तिसरा निघाला की टोपणनावं चिकटतात. जाड्या, बारक्या, चष्म्या. ती मुलं ठरवतात, आईबाप नाहीत.

हा हिशेब नाव सगळीकडे सारखं पसरलंय असं धरून केलेला आहे. तसं ते नसतं. नावं एका भागात, एका समाजात, एका प्रकारच्या शाळेत दाटीने येतात. शिवराज, शंभूराज, राजवीर, राजवर्धन, पृथ्वीराज, यशवर्धन ही नावं पेठांमध्ये, तालमींच्या आसपास आणि करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या गावांत जितकी कानावर पडतात तितकी नागपुरात पडणार नाहीत. म्हणून मोजणी आपल्याच भागात करायची. एका दिवसाचं काम आहे.

मुलगा असेल तर फक्त मुलगे, मुलगी असेल तर फक्त मुली मोजा. वय शून्य ते चार. पहिलीच्या वर्गाची यादी घेऊ नका. ती नावं सहा वर्षांपूर्वी ठेवलेली असतात, आणि तुमच्या बाळाच्या बाकावर बसणारी मुलं आत्ता पाळण्यात आहेत. निदान शंभर नावं मिळवा. अंगणवाडीताई, जवळच्या दोन बालवाड्या, ओळखीतल्या आयांचे ग्रुप, बालवाडीच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, गल्लीतले पहिल्या वाढदिवसाचे फ्लेक्स, एवढ्यात शंभर सहज होतात. लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात तासभर बसलात तर तिथेही नावं पुकारली जातात. कुणाची माहिती मागायची नाही, नुसतं पहिलं नाव ऐकायचं आणि कागदावर रेघ मारायची. लिहिताना सारख्या उच्चाराची नावं एकाच ओळीत घाला: आरव आणि आराव एकच, विवान, विहान आणि वियान एकाच ओळीत, रियांश आणि रेयांश एकाच ओळीत.

शंभरात ते नाव तीनदा-चारदा आलं तर चाललेलं आहे हे पक्कं. एकदाही आलं नाही म्हणून ते दुर्मीळ ठरत नाही. शंभरात शून्य सापडलेलं नाव खरं तर तीन टक्क्यांपर्यंतही असू शकतं, संख्याशास्त्राचा नियमच तसा आहे. तीनशे नावांत एकदाही आलं नाही तर ते एक टक्क्याच्या आत आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. त्यामुळे वीस-पंचवीस नावं ऐकून ‘आमच्याकडे कुणाचंच नाही’ म्हणणं घाईचं आहे. रियांश तुमच्या घराण्यात नवं असेल. बालवाडीत ते नवं राहिलेलं नाही.

आता आडनाव. कोल्हापूर जिल्ह्यात पाटील हे आडनाव मराठा, जैन, लिंगायत अशा अनेक समाजांत आहे. एका वर्गात चार पाटील असणं रोजचं आहे. नाव शंभरात तिघांना असेल, तर उरलेल्या तीन पाटलांपैकी एकाचं नाव तेच निघण्याची शक्यता जवळपास 9 टक्के. मग हजेरीला शिवराज पाटील दोन, आणि ‘पी.’ लावून उपयोग नाही. हीच गोष्ट जाधव, पवार, शिंदे, माने, कांबळे, मुल्ला, शेख यांची. उलट ज्यांचं आडनाव तालुक्यात दहा-वीस घरांचं आहे त्यांनी सगळ्यांत चाललेलं नाव ठेवलं तरी काही बिघडत नाही. थोडक्यात, आडनाव जितकं गर्दीचं, तितकं नाव मोकळं हवं. नाव एकटं मोजायचंच नाही, जोडीने मोजायचं.

गावाकडे हे अजून घट्ट होतं, कारण भावकीत आडनाव एक आणि वडिलांची नावंही त्याच त्याच पिढीतली: संभाजी, शिवाजी, बाळासो, आनंदा, तानाजी. शिवराज संभाजी पाटील असे दोन चुलतभाऊ एका वाड्यात निघाले तर पुढे सातबारा, सोसायटी, दूध संस्थेचं खातं, मतदार यादी, सगळीकडे ‘ऊर्फ’ लावत बसावं लागतं. एकाची नोटीस दुसऱ्याच्या दारात जाते. करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीवरही शिवाजी, संभाजी, शहाजी, राजाराम ही नावं फिरून फिरून आली, म्हणून तर आबासाहेब, बुवासाहेब, बाबासाहेब या नावांनी त्यांना ओळखावं लागतं. बारशाआधी भावकीतल्या तीन पिढ्यांची नावं, वडिलांच्या नावासकट, एका कागदावर उतरवा. आजीला विचारा, तिला जितकी पाठ असतात तितकी कुणालाच नसतात. आपलं पूर्ण नाव त्या कागदावर आधीच असेल तर नाव बदला. इथे मी तडजोड सुचवत नाही.

कागदोपत्री एक मदत अलीकडे मिळाली आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहिलं जातं. मधे आईचं नाव आल्यामुळे दोन चुलतभावांची पूर्ण नावं सारखी येण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली. पण हजेरी, जर्सी, बक्षिसांची यादी, रोजची ओळख, इथे अजून पहिलं नाव आणि आडनावच चालतं.

मुलगी असेल तर आडनावाचा हिशेब अर्धाच धरा. लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही ते तिचं तीच ठरवेल, आणि बदललं तर आज मोकळी वाटणारी जोडी उद्या गर्दीची होईल. तिच्यासाठी आडनावाच्या आधाराशिवाय उभं राहील असं नाव बघावं.

यानंतर हाकेचं नाव, जे मोजायचं सगळे विसरतात. जन्मदाखल्यावर शिवराज, राजवीर, राजवर्धन, पृथ्वीराज, यशराज ही पाच वेगळी नावं आहेत. गल्लीत पाचही ‘राज’ होतात, आणि मैदानावर पाचही ‘राज्या’. शिवांश, शिवेंद्र, शिवतेज यांचा ‘शिव’ होतो. स्वरा, स्वराली, स्वरांजली यांची ‘स्वरू’. यादीत वेगळं दिसणारं नाव हाकेत एकच होत असेल तर गर्दी त्या हाकेची मोजा. तपासायची रीत सोपी आहे: नाव घरातल्या एका लहान मुलाला आणि एका म्हाताऱ्या माणसाला सांगा आणि ते काय करून हाक मारतात ते ऐका. आपल्याकडे दोन अक्षरांवर यायला आणि ‘या’ लावायला वेळ लागत नाही. तोडून जे उरतं ते आवडत असेल तरच पुढे जा. समीर, ओवी, मीरा, केदार, निषाद अशी आधीच आटोपशीर नावं फार तुटत नाहीत, म्हणून ती चाललेली असली तरी आपली ओळख टिकवतात. केदारचं इथे वेगळं महत्त्व आहे, जोतिबाला केदारनाथ मानतात, त्यामुळे ते पिढ्यान् पिढ्या थोडंथोडं येत राहिलंय आणि कुठल्याही एका काळाचं वाटत नाही.

काळाचा मुद्दा निघालाच आहे तर: नाव किती चाललंय यापेक्षा किती वेगाने चढलंय ते बघा. कुसुम, मालती, सुमन ऐकलं की आजी डोळ्यांपुढे येते. संदीप, सचिन, वैशाली, मनीषा म्हटलं की पन्नाशीच्या आगेमागचं माणूस. नावावर वयाचा शिक्का पडतोच, पण झपाट्याने चढलेल्या नावावर तो ठळक पडतो. अमेरिका आणि फ्रान्समधल्या सुमारे शंभर वर्षांच्या नावांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात जी नावं भराभर चढली तीच भराभर उतरल्याचं दिसलं. लोकांना ती लवकर जुनी होतील असं वाटतं आणि ते टाळू लागतात. मालिकेतल्या नायिकेचं, चित्रपटातल्या पात्राचं किंवा या वर्षीच्या खेळाडूचं नाव ठेवताना हे लक्षात घ्या. मोजणी करताना शून्य ते दोन आणि तीन ते चार अशा दोन गटांत रेघा मारल्यात तर चढ दिसेल. मोठ्या गटात एक आणि लहान गटात पाच, असं नाव सोडलेलं बरं. दोन्हीत दोन-दोन, असं नाव शांतपणे ठेवा.

आत्यांची बाजू पूर्ण चुकीची नाही. वेगळं नाव लक्षात राहतं. त्याची किंमत मात्र कागदांवर मोजावी लागते. जे नाव कारकुनाने, शिक्षकाने, ऑपरेटरने आधी ऐकलेलं नसतं ते तो त्याला माहीत असलेल्या जवळच्या नावासारखं लिहितो. शाळेच्या जनरल रजिस्टरला एक, आधारला दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं. मग दहावीच्या अर्जाच्या वेळी पळापळ. ऋ, ज्ञ, ष, ण, ळ असलेल्या नावांना हे जास्त होतं, कारण इंग्रजीत ती कशी लिहायची याचं एकमत नाही: ऋतुजात कुणी आर नंतर यू घालतं, कुणी आय, ज्ञानदा डीने सुरू करायचं की जीने यावरही वाद. चाललेल्या नावाचं स्पेलिंग लोकांच्या बोटात बसलेलं असतं, आणि हा त्याचा सगळ्यांत मोठा फायदा आहे. दुसरा फायदा अलीकडचा. अतिशय दुर्मीळ नाव आणि आडनाव नेटवर टाकलं की तेच एक माणूस समोर येतं, त्याच्या शाळेच्या फोटोसकट. शिवराज पाटील शोधणाऱ्याला शेकडो शिवराज पाटील मिळतात. मुलाला थोडा आडोसा असणं मला चांगलं वाटतं.

कुणाचंच नसलेलं नाव घ्यायचं ठरलं तर नेटवर दिलेला अर्थ खरा धरू नका. जुळवलेल्या नावांना ‘सूर्याचा पहिला किरण’, ‘विष्णूचा अंश’ असे अर्थ सर्रास चिकटवलेले असतात. चांगल्या मराठी किंवा संस्कृत शब्दकोशात तो शब्द सापडतो का ते बघा. न सापडलं तरी ठेवा हवं तर, पण अर्थ नाही हे माहीत असून ठेवा.

नावरसाचं अक्षर, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणारं नावाचं पहिलं अक्षर, पाळणाऱ्या घरांत गर्दीचं आणखी एक कारण असतं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं. रोहिणीच्या पहिल्या चरणाला ‘ओ’ आलं की सगळे ओम, ओंकार, ओजस, ओवी यांवरच येऊन थांबतात, कारण पर्यायच थोडे. आर्द्रेला ‘घ’, ‘छ’ आलं तर आधीच पंचाईत. यातून मार्ग जुनाच आहे: नावरसाचं नाव पत्रिकेत आणि पाळण्यात घ्या, व्यवहारातलं वेगळं ठेवा. आत्याने कानात दोन्ही सांगितली तरी शास्त्राला अडचण नाही. कागदावर मात्र एकच जाऊ द्या, दोन्ही जोडून लिहू नका.

कागदाचं वेळापत्रक या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं, म्हणून नीट वाचा. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि ती बाळ जिथे जन्मलं तिथे होते. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा शहरातल्या खासगी दवाखान्यात झालं तर कोल्हापूर महापालिकेत, गावात झालं तर ग्रामपंचायतीत. बाळंतपण माहेरी बेळगावला झालं असेल तर नोंद कर्नाटकात, दाखला कन्नड-इंग्रजीत. तिथे इंग्रजी स्पेलिंग आधी ठरवून द्या, पुढे मराठी नाव त्यावरूनच उतरवलं जाईल. दवाखाना सुटी देताना नाव विचारतो आणि इथे घोटाळा होतो: थकलेला बाप तोंडाला येईल ते सांगून मोकळा होतो. नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा ठेवता येतो. जन्माची नोंद नावाशिवाय होते. नोंदीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा घातलेलं नाव आवडेनासं झालं म्हणून बदलणं ही दुरुस्ती ठरत नाही. कायद्यातली दुरुस्ती चुकीच्या नोंदीसाठी आहे. मग राजपत्रात नावबदल आणि प्रत्येक कागदाची वेगळी फेरी. आधारवर तर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मदाखलाच मूळ पुरावा आहे. म्हणून बारशाच्या गडबडीत दाखला काढायला धावू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत होऊ द्या, नावाचा रकाना मात्र रिकामा ठेवा. महिनाभर घरात नाव वापरून बघा, मोजणी करा, मग नाव नोंदवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर शिवराज आणि पाटील ही जोडी पेठेत आणि तुमच्या गावात, दोन्हीकडे गर्दीची असणार असं मी धरून चालेन. मोजणीत शून्य ते चारच्या शंभर मुलांत शिवराज दोनपर्यंत आलं, भावकीच्या कागदावर तेच पूर्ण नाव नसलं आणि ‘राज’ ही हाक घरातल्या दुसऱ्या कुणाला लागलेली नसली, तर आनंदाने ठेवा. जाऊबाईंचं म्हणणं तेवढ्यावर सोडून द्या. दोनच्या पुढे गेलं तर त्याच धाटणीचं पण हाकेत न मिसळणारं नाव बघा: समरजित, रणजित, विश्वजित. ही नावं इथल्या कानाला ओळखीची आहेत, लिहायला सोपी आहेत आणि तोडली तर ‘राज’ होत नाहीत. शेवटचा ‘जि’ ऱ्हस्व की दीर्घ ते मात्र पहिल्या दिवशी ठरवा, एका कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहा, त्याचा फोटो आईवडिलांच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि नोंदणीच्या खिडकीवर तोंडी सांगण्याऐवजी तो कागदच पुढे करा. दाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी अक्षर न् अक्षर त्याच्याशी ताडून बघा.